उघड्या झाकणाची चाचणी

सोमवार, १ एप्रिल

यंत्राचा नवा सर्किट बोर्ड आला. आजच्या तारखेमुळे कोणी विश्वास ठेवेना, पण खरंच आला. जुना ताटलीएवढा होता. हा माझ्या तळहातावर मावतो आणि वर किल्ली ठेवायला जागा उरते. कप्तानने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "यात सगळं आहे ना? काही घरी विसरला नाहीस ना?" कप्तान म्हणजे आमच्या या चार बाकांच्या कारखान्याचा मालक. कॉलेजात संघाचा कप्तान होता, त्या नावावर अजून निभावतंय.

आमचं यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीने माणसाच्या नाकापर्यंत पोचवतं. कप्तानला त्यात दवाखाने दिसतात. मला दादा दिसतो. जन्मभर फरश्या घासून त्याने छातीत जी धूळ साठवली, तिने दोन वर्षांपूर्वी त्याला पलंगावर आणलं. घरातलं मोठं यंत्र भिंतीतल्या प्लगला बांधलेलं आणि दादा त्याला बांधलेला. नळी पुरेल तेवढं त्याचं जग, म्हणजे पलंग, न्हाणीघर आणि खिडकी. खांद्याला लावून नेता येईल असं यंत्र आम्ही मागच्या वर्षी केलं होतं, पण ते नाकापेक्षा मोती जड. दादाने उचललं आणि खाली ठेवून म्हणाला, "याला उचलायला एक माणूस लागेल आणि त्या माणसाला श्वास मी देईन."

या वेळी सगळ्यात जास्त जागा वाचवली ती शॉट्की नावाच्या डायोडमध्ये. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारं दार. शॉट्की जातीचा डायोड स्वतः कमी वीज खातो, म्हणून बॅटरीवरच्या यंत्रांत तोच घालतात. खोड एकच. तापला की दार नीट लागत नाही, वीज उलटी गळते, गळतीने तो आणखी तापतो आणि तापला की आणखी गळतो. जुना बोटाच्या पेराएवढा होता आणि त्याच्या खाली उष्णता पसरायला तांब्याची ऐसपैस जागा होती. नवा तांदळाच्या कणीएवढा आहे आणि जागा बेताची. माहितीपत्रकात गरम असतानाचा गळतीचा आलेख बराच चढा आहे, हे मी पाहिलं. पण यंत्राच्या आत पंखा आहे, बाजूला जाळी आहे. इतकं तापायला त्याला भट्टीत बसवावं लागेल.

बुधवार, ३ एप्रिल

दिवसभर बाकावर चालवलं. झाकण उघडं, कारण मोजणीच्या तारा आत लावाव्या लागतात. खोलीतला उभा पंखा सुरू, कारण नाहीतर आम्हीच भाजून निघू. दुपारी डायोडला बोट लावलं. कोमट. आमच्याकडे हीच रीत, बोट टिकलं तर भाग टिकला. कप्तानने पण लावलं आणि म्हणाला, "पास."

चार्ज किती उरला ते सांगणारे चार हिरवे दिवे आहेत. मोटारीकडे किती वीज गेली, त्यावरून ते ठरतात. बॅटरीच्या तोंडाशीच मोजलं असतं तर जास्त पक्कं झालं असतं, पण त्याला आणखी एक भाग लागतो आणि जागा नव्हती. बॅटरीतून निघालेली वीज मोटारीलाच जाणार, दुसरीकडे जाईल कुठे?

रविवार, १४ एप्रिल

आज दादा रस्त्यावर आला. हे वाक्य मला मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतंय.

सकाळी गार होतं. मी यंत्र खांद्याला लावलं, नळी त्याच्या नाकात, आणि दोघं निघालो. तो घराच्या पायरीवर थांबला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्या भिंतीला मध्यंतरी रंग दिलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग कोपऱ्यापर्यंत, मग केशकर्तनालयापर्यंत. न्हावी त्याचा जुना दोस्त. वस्तरा हातात तसाच ठेवून तो दारात आला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या साबणात.

परत येताना दादा म्हणाला, "शास्त्रज्ञ, काम चोख केलंस. पण आवाज फार करतंय रे. कमरेला भुंगा बांधल्यासारखं वाटतं. सगळे वळून बघतात." लहानपणी मी त्याचा रेडिओ उघडून बसलो होतो, तेव्हापासून मी शास्त्रज्ञ.

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

शनिवार, २० एप्रिल

वहिनींनी यंत्राला पिशवी शिवली. जुनी रजई फाडून दुपदरी कापड, आत कापूस, वर निळं अस्तर, खांद्याला रुंद पट्टा. यंत्र आत घातलं की भुंग्याची माशी होते. दादा खूश. मला विचारलं, "भाऊजी, चालेल ना? तुमच्या मशिनला काही होणार नाही ना?"

मी आत घालून पाहिलं. जाळी झाकली जाते, पण आत पंखा आहे. "झकास," म्हणालो. खरंच झकास आहे. अशी शिवण आमच्या कारखान्यात कोणाला जमणार नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

दादा आज एकटा न्हाव्याकडे जाऊन आला. मी नको म्हणत होतो, पण वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या. दोन वर्षांनी माणूस स्वतःच्या पायाने कुठे निघालाय." भर दुपारी गेला. बैठक जमते ती दुपारीच, गिऱ्हाईक नसताना.

लवकर परत आला. दम लागला होता, पलंगावर बसून मोठ्या यंत्राची नळी लावली. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. सवय गेली चालायची." मग पिशवी माझ्याकडे देत म्हणाला, "हिवाळ्यात याचा फायदा होईल बघ. कुशीत मांजर बसल्यासारखं ऊबदार राहतं." मी हसलो. चालायची सवय त्याने हळूहळू वाढवायला हवी. डॉक्टरही तेच म्हणतात.

गुरुवार, २ मे

दादाशी भांडलो. न्हावी रस्त्यात भेटला, सहज बोलून गेला की परवा मध्येच यंत्र बंद होतं, दादा डोळे मिटून खुर्चीत बसले होते, थोड्या वेळाने त्याने वायर दुकानातल्या प्लगला लावली तेव्हा सुरू झालं.

घरी येऊन विचारलं. दादा म्हणाला, "मीच बंद केलं होतं. तो एक किस्सा सांगत होता, आवाजात ऐकू येत नव्हतं." मी तापलो. प्राणवायूचं यंत्र हे, रेडिओ आहे का वाटेल तेव्हा बंद करायला? तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "चुकलो बाबा. तुझं मशिन चांगलं आहे. कप्तानला सांग, दादाला पसंत आहे." आणि वहिनींकडे बघून डोळे मिचकावले.

कप्तानने पहिल्या खेपेचे बोर्ड बनवायला टाकलेत. दादाची पसंती कळवली. त्याला म्हटलं, आता हातच्या कांकणाला आरसा कशाला.

गुरुवार, ९ मे

दादा गेला.

शनिवार, ११ मे

लोक येऊन गेले. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी न्हाव्याकडे गेला होता. दुकानात वीज नव्हती. परत निघाला आणि वाटेत, त्या रंग दिलेल्या भिंतीपाशी खाली बसला. न्हावी धावला. तो म्हणतो, यंत्र गप्प होतं. त्याने दादाला उचलून घरी आणलं, वहिनींनी मोठं यंत्र लावलं, पण उपयोग झाला नाही. मी कारखान्यात होतो. मला बोलावणं आलं तेव्हा मी नव्या बोर्डांच्या रांगेकडे बघत चहा पीत होतो.

त्याची चप्पल त्या भिंतीपाशीच राहिली होती. आज जाऊन आणली. एवढा मोठा माणूस आणि एवढी हलकी चप्पल. मला रडू येत नाही, नुसता राग येतो. कोणाचा, ते कळत नाही.

मंगळवार, १४ मे

यंत्र कारखान्यात आणलं. कप्तान म्हणाला, "आजच कशाला? दोन दिवस घरी थांब." पण मला कळायलाच हवं होतं.

चार्जरला लावलं तर लगेच सुरू झालं. पूर्ण चार्ज करून बाकावर ठेवलं. झाकण काढलं, तारा लावल्या, पंखा सुरू केला. बॅटरी अगदी सांगितली तेवढी चालली, वर थोडी जास्तच. डायोडला बोट लावलं, कोमट. दुसऱ्यांदा केलं, तेच. यंत्र निर्दोष आहे. मग उरतं एकच. त्या दिवशी बॅटरी भरलेलीच नव्हती.

न्हावी छातीठोकपणे सांगतो, दुकानातून निघताना तीन हिरवे दिवे होते. तो बोलघेवडा माणूस, जे दिसलं नाही तेही सांगतो. दादाला चष्म्याशिवाय दिवे मोजता येत नव्हते.

बुधवार, १५ मे

वहिनींना विचारलं. रोज संध्याकाळी यंत्र चार्जिंगला लावायचं काम त्यांच्याकडे होतं.

"आदल्या दिवशी लावलं होतं ना?"

"हो. लावलं होतं."

"नक्की? बटण खाली होतं? पाहुणे आले होते त्या दिवशी."

"लावलं होतं, भाऊजी. मला वाटतं लावलं होतं."

"वाटतं म्हणजे?"

त्या हाताने चादरीची सुरकुती काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही विचारताय तर मला काहीच आठवत नाही."

मी सौम्यपणेच विचारत होतो. त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नव्हता. विसरतो माणूस. मी तसं म्हणालोही, "विसरतो माणूस, वहिनी." त्यांनी मान हलवली. मनातून मला थोडं हलकं वाटलं, हे इथे कबूल करतो. कारण कळलं की माणसाला बरं वाटतं.

शनिवार, २५ मे

वहिनी जेवत नाहीत. बोलतात तेवढ्यास तेवढं. प्लगच्या बटणापाशी जाऊन उभ्या राहतात, दाबतात, पुन्हा दाबतात. घरातलं मोठं यंत्र दवाखान्याला परत दिलं, तरी त्याच्या जागी खुर्ची ठेवलेली नाही.

कप्तान भेटायला आला होता. यंत्रं पाठवायची तारीख पुढे ढकलू का, असं त्याने विचारलं. म्हणाला, "मला मनातून कसंतरी होतंय रे. एकदा दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं का?" मी उसळलो. दुसरा कोण? मी दोनदा तपासलंय. माझा भाऊ गेलाय, मी कमी तपासलं असतं का?

मग त्याची नजर खुंटीवरच्या निळ्या पिशवीकडे गेली. म्हणाला, हीच यंत्राबरोबर देता आली तर लोकांना आवडेल. मला वाटलं, वहिनींचे हात गुंतलेले बरे. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "शिवते. त्यांना आवडायची."

सोमवार, ३ जून

यंत्रं गेली. प्रत्येकाबरोबर एक निळी पिशवी. वहिनींनी रात्रंदिवस शिलाई मशिन मारलं. शेवटच्या पिशव्यांत कापूस जास्तच भरलाय, "आवाज बिलकूल नको यायला" म्हणून. परवा पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या. वाटतं, हळूहळू माणसात येतील.

बुधवार, १२ जून

एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोन. म्हणाली, आईला बागेत घेऊन गेले तर यंत्र मध्येच बंद पडलं, दोन दिवे शिल्लक होते, घरी आणल्यावर पुन्हा सुरू झालं. मी विचारलं, आदल्या दिवशी चार्जिंगला लावलं होतं? म्हणाली, हो. म्हटलं, बटण खाली होतं? मग ती अडखळली.

सगळे सारखेच. लावायला विसरतात आणि खापर यंत्रावर. तिला सांगितलं, रोज लक्ष ठेवत जा. फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ काही सुचेना. झोपही नीट लागत नाही हल्ली, त्याचं असेल.

मंगळवार, १८ जून

दुपारी वहिनी कारखान्यात आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. हातात ती पिशवी, पहिली. म्हणाल्या, "त्यांचं मशिन इथं कपाटात पडून आहे म्हणे. कोणा गरजूला देऊन टाका. पण पिशवीसकट द्या." कप्तान बाहेरगावी होता, बाकीचे जेवायला गेलेले. मी त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली आणि चहा मागवला.

म्हटलं, देण्याआधी चालू करून दाखवतो, म्हणजे तुमच्या मनाला शांतता. बॅटरी मरू नये म्हणून सकाळीच ते कपाटातून काढून चार्जरला लावलं होतं, चारही दिवे हिरवे. त्यांनीच ते पिशवीत घातलं, नळी नीट बाहेर काढली, पट्टा खुर्चीच्या पाठीला अडकवला, जसा दादाच्या खांद्यावर असायचा. खिडकीतून ऊन येत होतं. उभा पंखा माझ्या बाकाकडे तोंड करून होता.

आम्ही चहा प्यायलो. पहिल्यांदाच वहिनी दादाबद्दल बोलल्या. लग्न झालं तेव्हा त्याला सायकल येत नव्हती आणि तो ती नुसती हातात धरून त्यांच्या माहेरी गेला होता, हे मला माहीतच नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, पंक्चर आहे का? तर म्हणाला, नाही, नवीन आहे, जपतोय. आम्ही हसलो. बाकीचे अजून आले नव्हते म्हणून मी त्यांना थांबवून घेतलं. त्या पिशवीवर हात ठेवून बोलत होत्या. मध्येच हात उचलला आणि म्हणाल्या, "गरम लागतंय हो." मी म्हटलं, ऊन आहे.

थोड्या वेळाने खोलीत काहीतरी कमी झालं. ती माशी गुणगुणायची थांबली होती.

मी वाकून पिशवीच्या तोंडातून पाहिलं. तीन दिवे हिरवे होते. मी पाहत असतानाच तेही गेले.

यंत्र बाहेर काढलं, झाकण उघडलं, बोट लावलं. टिकलं नाही. बोटाच्या टोकाला फोड आलाय, आत्ता लिहिताना जाणवतोय. पेन तिसऱ्या बोटावर टेकवून लिहितोय.

सगळं एका क्षणात कळलं. पिशवीत कोंडलेली उष्णता, कणीएवढा डायोड, तापला तशी वाढत गेलेली गळती. बॅटरी मोटारीला देत होती त्याच्या कितीतरी पट त्या कणीत ओतत होती, आणि दिवे फक्त मोटारीचं मोजत होते. शेवटी बॅटरीने स्वतःला वाचवण्यासाठी सगळंच तोडलं, धोक्याची शिट्टीसुद्धा. थोडं गार होऊ दिलं आणि चार्जरला लावलं की पुन्हा शहाण्यासारखं चालू. बाकावर मी झाकण काढून, पंख्याखाली, हजार वेळा केलं असतं तरी ते मला दिसलं नसतं. दादाने बंद केलं नव्हतं. कधीच केलं नव्हतं. त्याने मला सांभाळून घेतलं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी त्या दिवशी चार्जिंगला लावलं होतं." या वेळी त्यात 'मला वाटतं' नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "लावलं होतं. चूक माझी आहे. आतला एक भाग मी फार लहान घेतला. तो तापला की..."

"कशाने तापला?"

मला गप्प बसता आलं असतं. खोटं बोलता आलं असतं, आणि आज ते पुण्याचं काम ठरलं असतं. पण आयुष्यभर कारण विचारलं की कारण सांगायची सवय. "हवा लागली नाही म्हणून. पण वहिनी, ती पिशवी मीच बघितली होती, मीच चालेल म्हणालो होतो. भाग मोठा असता तर पिशवीतही..."

त्यांचं पुढचं ऐकणं बंद झालं होतं. रिकाम्या पिशवीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणि मी इतक्या शिवल्या."

हुंदका आला तो एवढ्या दिवसांचा एकदम आला. बाकाची कड धरून उभा राहिलो. वहिनींनी मला खुर्चीवर बसवलं, त्यांच्याच. ग्लासात पाणी दिलं. आणि विचारलं, "कोणाकोणाकडे गेल्यात, त्यांचे नंबर कुठे आहेत?"

मी कप्तानच्या मेजाकडे बोट दाखवलं. त्या उभ्या राहूनच फोन लावू लागल्या. मी उठायला हवं होतं. माझं काम होतं ते. मी बसून राहिलो. त्या सगळ्यांना एकच सांगत होत्या, मशिन पिशवीतून काढा, बाहेर नेऊ नका, घरातलं मोठं असेल तर ते लावा, न्यायला माणूस येईल. काही लोक उलट विचारत होते, एकाने तर ओरडून विचारलं असावं, कारण वहिनींनी फोन कानापासून लांब धरला. एका नंबरावर कोणी उचलत नव्हतं. तो त्यांनी पुन्हा लावला. मग दुसरे लावले आणि परत तोच लावला.

बागेतल्या त्या आईच्या मुलीने मात्र फोन लगेच उचलला. वहिनींनी तिलाही तेच सांगितलं, सावकाश, दोनदा. पलीकडून तिने विचारलं असावं, की तुम्ही कोण बोलताय.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पिशवी शिवणारी," त्या म्हणाल्या.